किलवरची तिर्री

१

या गोष्टीवर तुमचा विश्वास बसणार नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मध्येच मान हलवत कुणी उठून जायला नको. मी, डेल्मर व्हॉस, नेवाडातल्या ड्राय फोर्क गावी ‘सिल्व्हर शीप’ नावाच्या जुगारघरात हयातभर पत्ते वाटले. आणि एका दुपारी, कुणाच्या खिशात हात न घालता, कुणावर आवाज न चढवता, नुसत्या टाळ्या वाजवून चोर पकडला. शेरीफच्या अख्ख्या कचेरीत असा एक गडी दाखवा, मी माझी टोपी खातो.

मी हे सांगत होतो तेव्हा कॉफीच्या टेबलाभोवती नव्या भरतीची पत्ते वाटणारी मंडळी बसली होती. त्यातली ट्रिना जिभेनं तिखट. ती लगेच म्हणाली, "टाळ्या वाजवून डास पकडतात, म्हाताऱ्या."

"पकडतात ना. हा जरा मोठा होता. याला पगार होता."

तर ऐका. बुधवारची दुपार. मेंढपाळी करायला आलेल्या बास्क लोकांच्या खानावळीतून मेंढीचा रस्सा आणि घेवडा पोटभर हाणून मी माझी पाळी घ्यायला पोकरच्या खोलीत शिरलो, आणि दारातच थबकलो. डावावर पैशांऐवजी लावायचा एकही बिल्ला वाजत नव्हता. ज्या खोलीत दिवसभर बिल्ल्यांचा खडखडाट चालतो तिथं अशी शांतता म्हणजे दोनच गोष्टी: एक तर कुणी मेलंय, नाहीतर कुणी मरणार आहे.

सगळी टेबलं थांबली होती. सगळे एकाच टेबलाभोवती गोळा झाले होते. मध्ये अर्डिथ इरिबार बसली होती, पाठ ताठ, दोन्ही हात टेबलावर पसरलेले. तिच्यासमोर अख्खी गड्डी तोंड वर करून चार ओळींत मांडली होती. बदाम, इस्पिक, चौकट, किलवर. आणि किलवरच्या ओळीत, दुर्री आणि चव्वीच्या मध्ये, पडक्या दातासारखी एक फट.

आमचा मुकादम रसेल बर्केट माझ्याजवळ आला. मुकादम म्हणजे खोलीवर देखरेख करणारा. टेबलावर तंटा झाला की निवाडा त्याचा.

"एकावन्नच आहेत, डेल्मर," तो हलक्या आवाजात म्हणाला. "किलवरची तिर्री नाही. आणि डाव घडा फोडायचा आहे."



२

घडा म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे, पण तेव्हाचा घडा तुम्ही पाहिला नाहीत. आमचा खेळ एका डॉलरपासून चार डॉलरपर्यंतचा. पेन्शनवाले, खाणीतले ड्रायव्हर, शाळेच्या बसवर राबलेल्या बाया, अशांचा. प्रत्येक डावातून एक नाणं काढून आम्ही दाराजवळच्या काचेच्या घड्यात टाकायचो. चार राजांसारखी पानं हातात असूनही जो हरेल, त्याच्यासाठी तो घडा फोडायचा: निम्मा हरणाऱ्याला, पाव जिंकणाऱ्याला, उरलेला टेबलावरच्या बाकीच्यांना. फुटक्या नशिबाचा घडा म्हणायचो आम्ही त्याला. कित्येक महिने तो फुटला नव्हता. लोक लांबून यायचे, नुसते त्याच्याकडे बघायला.

आणि त्या दुपारी तो फोडायची वेळ आली. खाणीत ट्रक चालवणारा गस, दिवसातून चार शब्द बोलणारा माणूस, त्याचे हातातले दोन आणि टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेले दोन धरून चारी राजे. आणि समोर सुट्टीवर आलेला एक दातांचा डॉक्टर, त्याच्याकडे बदामची दश्शी आणि नव्वी. खाली उघड्यावर बदामचे राजा, राणी, गुलाम. एकाच रंगाची ओळीनं पाच पानं! चारी राजे आडवे! खोली छतापर्यंत उसळली म्हणे. गस तर चक्क हसला.

पण घडा फोडायच्या आधी गड्डी मोजायची, हा नियम. मुकादम येतो, सगळी पानं गोळा करतो, मोजतो. बावन्न भरली तर घडा. एक जरी कमी असलं तर डाव रद्द, घडा जागच्या जागी, आणि दोष वाटणाऱ्याचा. कारण टेबलावर बसताक्षणी गड्डी उताणी पसरून सगळ्यांना पूर्ण दाखवणं हे वाटणाऱ्याचं काम.

"मी पसरली होती," अर्डिथ म्हणाली. एवढंच. रडारड नाही, शपथा नाहीत.

"कुणी पाहिली?" रसेलनं टेबलाला विचारलं.

कुणी बोलेना. आणि हे माझ्या इतकं जिव्हारी लागलं की सांगता सोय नाही. पोरांनो, अर्डिथचा हात म्हणजे या राज्याचं वैभव होतं. मेंढपाळाची पोर. तिच्या बोटांतून पान निघायचं ते तुमच्यासमोर येऊन असं थांबायचं, जणू त्याला तुमचं नाव माहीत आहे. कुणाची बाजी तिनं चुकीच्या माणसाकडे ढकलली नाही, कुणाची पाळी ओलांडली नाही. मोठ्या शहरातल्या मोठ्या टेबलांवर चूक झाली तर लोक खांदे उडवतात. चार डॉलरच्या खेळात असं नसतं. तिथं माणसाला वाटतं, आयुष्यात सगळीकडे मला कमी वाढलं, इथंही कमीच वाढलं. म्हणून लोक अर्डिथच्याच टेबलावर जागा धरून बसायचे. आणि म्हणूनच ती गड्डी पसरायची तेव्हा कुणी बघायचं नाही. जिच्यावर डोळे मिटून भरवसा, तिच्याकडे डोळे उघडून कोण बघणार?

तिचा चोखपणाच तिच्या विरोधातला साक्षीदार झाला होता.

रसेल भिंतीवरच्या फोनवर मालकीणबाईंशी बोलून आला. त्यानं अर्डिथच्या नजरेला नजर दिली नाही.

"बाई म्हणतात, एप्रन सोड."

३

आमचा काळा एप्रन खिसे झाकतो, बिल्ला आत जाऊ नये म्हणून. तो सोडायला लावणं म्हणजे काय, ते जो वाटतो त्यालाच कळतं. या राज्यात कुठल्याही टेबलावर पुन्हा कुणी उभं करत नाही. गड्डी अपुरी ठेवून घडा बुडवणारी बाई, असं नाव घेऊन तिला जावं लागलं असतं.

अर्डिथ उठली. आणि उठताना, तसल्या वेळीसुद्धा, तिनं हात झाडले.

हे तुम्ही सगळे करता. टेबलावरून हात काढला की एक टाळी, तळवे वर, तळवे खाली. बघा, माझ्या हातात काही नाही. सवय इतकी हाडात जाते की मी माझ्या लग्नात अंगठी घालून झाल्यावर टाळी वाजवून तळवे दाखवले होते. पाद्री हसला. बायको हसली नाही.

अर्डिथनं टाळी वाजवली, तळवे दाखवले, आणि एप्रनच्या गाठीकडे हात नेला.

"थांब," मी म्हणालो. "रसेल, ती उठली तर तिच्या जागी मी बसायचं. मी टेबल ताब्यात घेतल्याशिवाय तिला एप्रन सोडता येत नाही. नियम आहे."

असा नियम नाही. पण मी तो इतक्या रुबाबात सांगितला की रसेलनं मान डोलावली.

"आणि मी मोडकं टेबल ताब्यात घेत नाही," मी म्हणालो. "आधी तिर्री शोधतो. कुणी जागचं हलू नका."

"शोधून झालंय, डेल्मर. टेबलाखाली, खुर्च्यांखाली, बिल्ल्यांच्या खणात."

"पत्ते शोधलेत. मी माणसं शोधतो."

"वर कॅमेरा नव्हता का?" ट्रिनानं मध्येच विचारलं.

होता की. त्याचं तोंड नाण्यांच्या यंत्रांकडे. आमच्या चार-चार डॉलरकडे बघायला तेव्हा कुणाला फुरसत होती?

मी पहिल्यांदा गसकडे वळलो.

"गस, तू एखादं पान दडवलंस?"

"नाही."

"का नाही?"

गसनं बराच विचार केला. "निम्मा घडा माझा," तो म्हणाला.

पटलं. दातांच्या डॉक्टरला विचारायच्या आधीच तो बोलू लागला. त्याची बाजीही गेली होती आणि घड्यातला पावही. त्याला फक्त एवढंच हवं होतं की आपली ती पाच पानं झाली होती असं कुणीतरी कागदावर लिहून द्यावं, बायकोला दाखवायला.

उरले दोघे. एक वेल्मा टिल्सन, जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेली बाई, जिचा त्याच सकाळी अर्डिथशी खटका उडाला होता. वेल्मानं बिल्ले पुढे सारले आणि मग परत ओढायला गेली. अर्डिथ म्हणाली, सारले ते सारले. आणि दुसरे तिच्या डावीकडे बसलेले ॲल्व्हिन प्रुएट, निवृत्त जज्ज. जज्जसाहेबांनी हॅट मांडीवर उपडी धरली होती, आणि मी बघताच ती आणखी घट्ट धरली.

४

"हॅट दाखवता का, जज्जसाहेब?"

"कशाच्या आधारावर?" ते कडाडले.

"माझ्या कुतूहलाच्या."

त्यांनी हॅट उलटी केली. आत कागदात गुंडाळलेलं अर्धं सँडविच. टेबलावर खायला मनाई होती, आणि जज्जसाहेब नियम मोडताना पकडले गेले म्हणून कानांपर्यंत लाल झाले. पण मला ती लाली सँडविचपेक्षा मोठी वाटली. अर्ध्या सँडविचला इतकं कोण लाजतं?

तेवढ्यात वेल्मा बोलायला लागली. म्हणजे ती बोलतच होती. आमचं लक्ष आत्ता गेलं.

"मला कुणी विचारतच नाही. माझं काय गेलं ते बघा! इस्पिकची नव्वी आणि किलवरची तिर्री आली होती मला. टाकली मी. नेहमी टाकते. दुसऱ्या नवऱ्यालाही वेळेवर टाकला असता तर..."

"वेल्मा," मी म्हणालो, "काय टाकलीस?"

"नव्वी-तिर्री. बहिरा झालास?"

मी दोन्ही हात टेबलावर टेकले. पोकरच्या खोलीत प्रत्येक जण आपण काय टाकलं ते सांगत असतो, आणि दुसरा कुणी ऐकत नसतो. ऐकायला लागलो तर वेडे होऊ. पण त्या दिवशी त्या कटकटीत अर्डिथची सुटका होती! तिर्री वेल्माला वाटली गेली असेल, तर डाव सुरू झाला तेव्हा गड्डी पूर्ण होती. अर्डिथ खरं बोलत होती.

"वेल्मा?" रसेल हसला. कुचकं नाही, थकलेलं हसला. "डेल्मर, तिला चष्म्याशिवाय किलवर आणि इस्पिक वेगळे दिसत नाहीत. इस्पिकची तिर्री इथं ओळीत आहे. तीच आली असेल. गेल्या आठवड्यात ती किलवरचा रंग जमला म्हणून ओरडली आणि पाचातली तीन इस्पिक निघाली."

"दोन!" वेल्मा म्हणाली.

खोलीतल्या लोकांनी माना डोलावल्या. रसेलचं खरं होतं. त्या खोलीत कुणी वेल्माच्या डोळ्यांवर एक डॉलरही लावला नसता.

अर्डिथनं पुन्हा गाठीला हात घातला.

आणि जज्जसाहेब हळूच हॅट टेबलावर ठेवत म्हणाले, "किलवरच होती."

५

"तुम्हाला कसं ठाऊक, साहेब?" मी विचारलं. विचारताना मला त्यांची दया आली, कारण उत्तर मला कळलं होतं, आणि सगळ्या खोलीलाही.

जज्जसाहेब उभे राहिले. या माणसानं आयुष्यभर लोकांना शपथा घ्यायला लावल्या होत्या. रस्त्यानं जाताना लोक त्यांना टोपी काढून वाट द्यायचे. मान खाली घालून बसून राहिले असते तर त्यांचं काहीही बिघडलं नसतं.

"ही बाई पानं इतकी वर उचलते की रेल्वेच्या पुलावरूनही दिसतील," ते म्हणाले. "सभ्य माणूस नजर वळवतो. मी वळवत नाही. गेलं वर्षभर मी हिची पानं बघतोय."

"ॲल्व्हिन!" वेल्मा किंचाळली. "तरीच तू माझ्याशी कधी हरत नाहीस! मला वाटलं तू हुशार आहेस!"

"इस्पिकची नव्वी, किलवरची तिर्री. माझा चष्मा डोळ्यांवर होता. हिनं दोन्ही पानं एकदम टाकली, माझ्या कॉफीच्या कपाला घासून गेली. आणि टाकणाऱ्यांमध्ये ही सगळ्यात शेवटची, कारण विचार करायला हिला युग लागतं." ते अर्डिथकडे वळले. "बाई, हे मी आधीच सांगायला हवं होतं. माझी इभ्रत आणि तुमची भाकरी तराजूत घालून बघत बसलो. इतका वेळ लागायला नको होता."

अर्डिथ म्हणाली, "वेल्माला पान टाकायला लागतो त्यापेक्षा कमीच लागला, साहेब."

सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या डोक्यात आता ते पान चालत होतं. पोरांनो, तुम्हीही चालवा त्याला. वेल्मानं सगळ्यात शेवटी टाकलं, म्हणजे टाकलेल्या पानांच्या ढिगात ते अगदी वर. तो ढीग असतो कुठं? वाटणाऱ्याच्या कोपराच्या आत. खेळणाऱ्यानं तिकडे हात नेला तर खोली ओरडते. म्हणजे ढिगाला हात लागले फक्त दोन माणसांचे. एक अर्डिथ. दुसरा, ज्यानं पानं गोळा करून मोजली तो.

अर्डिथ उठली तेव्हा तिनं हात झाडले. आम्ही सगळ्यांनी तिचे तळवे पाहिले.

रसेलनं मोजणी संपवून टेबलावरून हात काढले, तेव्हा?

मी गसला विचारलं. गस आठवत राहिला. मग त्यानं फक्त मान हलवली. नाही.

रसेल बर्केट मुकादम व्हायच्या आधी आमच्यातला सगळ्यात नावाजलेला वाटणारा होता. अर्डिथला हात झाडायला शिकवलं ते त्यानं. मला शिकवलं ते त्यानं. हा माणूस दुकानात सुटे पैसे घेतले की हात झाडायचा, कुत्र्याला थोपटलं की हात झाडायचा. आणि अख्ख्या खोलीसमोर घड्याची गड्डी मोजून तो टेबलावरून दूर झाला, तर टाळी नाही?

"रसेल," मी म्हणालो, "तू हात झाडले नाहीस."

तो हसला. "गडबडीत राहिलं असेल."

"मग आत्ता झाड."

"मी मुकादम आहे, डेल्मर. माझी झडती घ्यायला मालकीणबाईंचा हुकूम लागतो." त्याची डावी मूठ कोटाच्या बाहीत गेली होती. "अर्डिथ, एप्रन."

६

आणि इथं मी ते केलं ज्यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

मी वाद घातला नाही. मी नुसता मागे सरलो, टाळी वाजवली, तळवे वर केले, तळवे खाली केले. आणि शेजारच्या टेबलावरच्या वाटणाऱ्याकडे बघितलं. तो समजला. तो उठला. टाळी, वर, खाली. मग पलीकडची. मग दारापाशी सिगारेट ओढत उभे असलेले, पाळी संपलेले दोघे वाटणारे. एकामागून एक सगळी खोली. टाळी, वर, खाली. सगळ्यात शेवटी अर्डिथ, रसेलच्या डोळ्यांत बघत. टाळी. वर. खाली.

तुम्ही चर्चमध्ये कधी सगळे एकदम ‘आमेन’ म्हणत असताना गप्प राहून पाहिलंय? जमत नाही. ओठ आपोआप हलतात.

रसेलचे हात आपोआप वर आले. त्याला थांबवता आले नाहीत. आयुष्यभर टेबलावरून उठताना जे हात एकत्र आले, ते आले. टाळी वाजली, तळवे वर झाले, आणि बाहीतून एक पान सुटलं, हवेत दोनदा उलटलं—

"दोनदा?" ट्रिना म्हणाली.

"तीनदा. आणि त्या किलवरच्या ओळीतल्या फटीत, दुर्री आणि चव्वीच्या मध्ये, तोंड वर करून पडलं."

"काय थापा मारतोस रे!"

"अगं, आधीच सांगितलं ना, विश्वास बसणार नाही म्हणून? पुढे ऐक."

रसेल खुर्चीवर बसला. चोर म्हणालो मी त्याला, पण त्यानं एक नाणंही खिशात घातलं नव्हतं. हमरस्त्याच्या पलीकडे नवं जुगारघर झालं होतं. आमच्याकडे लोक यायचे ते त्या भरलेल्या घड्यासाठी. घडा रिकामा झाला की गर्दी जाणार, आणि मालकीणबाई पोकरची टेबलं काढून तिथं यंत्रं बसवणार, असं त्याला कळलं होतं. हातात गड्डी होती, वरचं पान बोटाखाली होतं. कुठलं ते त्यानंही पाहिलं नव्हतं.

"मी खोली वाचवत होतो," तो म्हणाला. "तुमच्या सगळ्यांची."

"मला काढून?" अर्डिथनं विचारलं.

"बाई फार तर रागावतील, असं वाटलं. एप्रनपर्यंत जाईल असं नाही वाटलं गं."

"पण गेलं. आणि तूच मला म्हणालास, सोड."

अर्डिथ त्याच्यासमोर उभी होती, आणि मी सांगतो, त्या मेंढपाळाच्या पोरीपुढे त्या क्षणी राज्यपाल आला असता तरी त्यानं हॅट काढली असती. "रसेल, खोली वाचवायची तर ती सरळ हातांनी," ती म्हणाली. "हेही तूच शिकवलंस. आता ही गड्डी माझ्यासमोर मोज."

त्यानं मोजली. मोठ्यानं. बावन्न भरली, त्यानं टाळी वाजवली, तळवे दाखवले, आणि कोणी न सांगता दारातून निघून गेला. मी स्वतः फोनवरून मालकीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, फोडा.

घडा फुटला. गसनं निम्मा घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा सलग दोन वाक्यं बोलला. दातांच्या डॉक्टरला कागद मिळाला, त्यावर सगळ्या टेबलाच्या सह्या. जज्जसाहेबांनी आपला वाटा वेल्मापुढे सारला, ती म्हणाली, "हा वर्षभराचा, ॲल्व्हिन, आणि इथून पुढे माझ्या उजवीकडे बस, डावा डोळा तुझा कमजोर आहे." आणि लोक पांगले नाहीत, बरं का. ज्या खोलीत मुकादमाचेसुद्धा तळवे बघितले जातात ती खोली बघायला ते आणखी लांबून यायला लागले. टेबलं राहिली. म्हणून तुम्ही आज इथं बसून माझी कॉफी पिताय.

"आणि अर्डिथ?" ट्रिनानं विचारलं. तिचा आवाज आता बदलला होता.

"अर्डिथ!" मी छाती फुगवली. "मी म्हणालो, पोरी, घरी जा, आज बास झालं. ती म्हणाली, माझी पाळी संपली नाही. एप्रनची गाठ घट्ट केली, खुर्चीत बसली, गड्डी पसरली. आता मात्र सगळ्या खोलीनं पाहिली, एक एक पान. मग पिसली, कापली आणि वाटायला लागली. बोट थरथरलं नाही. पान हललं नाही. आणि त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत त्या बाईच्या हातून एक, एकसुद्धा चूक झाली असेल तर—"

"खोटं!"

मागून आवाज आला. मी वळलो. अर्डिथच होती. केस पांढरे, पाठ तशीच ताठ, हातात कॉफीचा कप. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"टाळ्या तुझ्या, मान्य," ती म्हणाली. "पान तीनदा उलटून फटीत पडलं, तेही असू दे, पोरांना गंमत वाटते. पण त्याच्या पुढच्याच डावात माझे हात असे कापत होते की जज्जसाहेबांचं दुसरं पान बोटातून निसटलं आणि उताणं पडलं. चौकटची राणी. सगळ्या खोलीदेखत. मी त्याच्यावर बोट ठेवून मोठ्यानं म्हणाले, ‘चूक माझी’, नियमाप्रमाणे ते पान बाद केलं, आणि पुढचं वाटलं. कुणी हू की चू केलं नाही. ती चूक माझी आहे, डेल्मर. ती गोष्टीतून गाळायचा तुला काही अधिकार नाही."